एका विमानाची जन्मवही

[नभोवाणीवरून झालेलें भाषण]



फाल्गुन वद्य द्वितीयेस देहू येथें इंद्रायणीच्या कांठीं मोठा मेळा जमतो, त्याचें कारण आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. त्या दिवशीं तुकाराम महाराज वैकुंठास गेले, आणि त्यांना नेण्यासाठीं विमान आलें होतें, अशी वारकऱ्यांची शेंकडों वर्षांची श्रद्धा आहे. त्या विमानाविषयीं आज मला कांहीं बोलावयाचें नाहीं. तो विषय अधिकारी पुरुषांच्याच तोंडीं शोभतो. परंतु त्याच देहूच्या घाटावर एखाद्या संध्याकाळीं बसलें असतां दक्षिणेच्या आकाशांत लोहगांवच्या तळाकडे उतरणारीं विमानें दिसतात, आणि त्यांहून पुष्कळ उंचावरून मुंबईकडे जाणारीं किंवा मुंबईहून निघालेलीं मोठीं उतारू विमानें ओझरतीं दिसून जातात. त्यांतील एकाकडे बोट दाखवून घरांतील लहान मूल विचारतें, "हें कोठून आलें?" आपण सांगतों, "दिल्लीहून," किंवा "दुबईहून." मुलाचें समाधान होतें.

तथापि ह्या प्रश्नास दुसरेंही एक उत्तर आहे. तें विमान मुळांत कोठून आलें? कोणत्या देशांतील कोणत्या कारखान्यांत त्याची जुळणी झाली? जमिनीवरून तें पहिल्यानें केव्हां उचललें गेलें? कोणासाठीं म्हणून तें बांधलें, आणि शेवटीं कोणाच्या हातीं पडलें? हीं उत्तरें शोधून वहींत टिपून ठेवणारे लोक जगांत हजारोंनीं आहेत व आपल्याकडेही आहेत. त्यांना ह्या कामाचा पगार कोणी देत नाहीं. कोणी कारकून असतो, कोणी शाळेंतील मुलगा, कोणी सेवानिवृत्त गृहस्थ. त्यांच्या ह्या छंदाची रीत कशी आहे, तिच्यांतून कळतें काय आणि कळत नाहीं काय, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

हा छंद पोरकट आहे असा समज होण्याचा संभव आहे. म्हणून त्याचें कूळ आधीं सांगतों. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडच्या किनाऱ्यावर आणि टेकड्यांवर साध्या नागरिकांचीं पथकें बसविलेलीं होतीं. आकाशांतील आकृति पाहून विमान आपलें कीं शत्रूचें, तें कोणत्या जातीचें आणि कोणत्या दिशेनें चाललें आहे, हें ओळखून दूरध्वनीनें कळविणें हें त्यांचें काम. ह्या निरीक्षक दलास १९४१ सालीं 'रॉयल' ही पदवी मिळाली. युद्ध संपलें, परंतु आकाशाकडे पाहून नोंद करण्याची लागलेली संवय कांहीं सुटली नाहीं. ती विमानतळांच्या कुंपणापाशीं उभ्या राहणाऱ्या पुढच्या पिढीकडे गेली.

आतां रीत पाहूं. माणसास जन्मनांव, व्यवहारांतील नांव आणि आडनांव अशा निरनिराळ्या ओळखी असतात, तशाच विमानासही असतात. पहिली ओळख म्हणजे कारखान्यानें दिलेला निर्माणक्रमांक. दुसरी म्हणजे जुळणीच्या रांगेंत तें विमान कितवें, हा अनुक्रमांक. बोइंगच्या कारखान्यांत हे दोन्ही क्रमांक असतात. युरोपांतील एअरबसच्या विमानांस एका निर्माणक्रमांकानेंच ओळखतात. तिसरी ओळख म्हणजे नोंदणीचीं अक्षरें. हीं त्या त्या देशाचें सरकार देतें. भारतांतील विमानाच्या अंगावर 'व्हीटी' हीं दोन अक्षरें व त्यांच्यापुढें आणखी तीन अक्षरें रंगविलेलीं असतात. विमान परदेशीं विकलें कीं हीं अक्षरें बदलतात. दत्तक गेलेल्या मुलाचें आडनांव बदलावें तसें. परंतु कारखान्याचा क्रमांक मात्र विमान मोडींत निघेपर्यंत बदलत नाहीं. म्हणून जाणता छांदिष्ट अक्षरांवर भाळत नाहीं. तो क्रमांक विचारतो.

पूर्वीं विमानांस नांवेंही असत. १९४८ सालच्या जून महिन्याच्या ८ तारखेस मुंबईहून लंडनला आपल्या देशाचें पहिलें उतारू विमान निघालें; कैरो आणि जिनीव्हा येथें थांबून तें लंडनला पोहोंचलें. त्यांत ३५ उतारू होते. त्याचें नांव 'मलबार प्रिन्सेस' आणि नोंदणीचीं अक्षरें व्हीटी-सीक्यूपी. त्यानंतर २३ वर्षांनीं, १९७१ च्या एप्रिलमध्यें, 'एम्परर अशोक' हें बोइंग ७४७ जातीचें पहिलें प्रचंड विमान एअर इंडियाच्या ताफ्यांत दाखल झालें. खिडक्यांभोंवतीं राजवाड्याच्या झरोक्यांसारखी नक्षी काढलेलें तें विमान पाहून ज्यांचे डोळे दिपले, असे गृहस्थ मुंबईंत आजही भेटतील. त्याचीं अक्षरें होतीं व्हीटी-ईबीडी. हीं अक्षरें ध्यानांत ठेवावीं. पुढें त्यांच्याकडे परत यावयाचें आहे.

मोठें विमान एका कारखान्यांत घडतें, हा आपला समज बरोबर नाहीं. कारखान्यांत तें केवळ जुळविलें जातें. घडतें तें अनेक देशांत. एअर इंडियाच्या ताफ्यांत २०१२ पासून असलेलें बोइंग ७८७ हें विमान घ्या. त्याचे पंख जपानांतील नागोया येथें तयार होतात. नाकाकडील भाग अमेरिकेंतील विचिटा शहरीं, आणि धडाचे कांहीं भाग इटलींतील ग्रोतालिये गांवीं. उतारूंचे दरवाजे फ्रान्समधून येतात. ह्या यंत्राच्या वजनांतील सुमारें निम्मा भाग धातूचा नसून राळेंत बसविलेल्या कार्बनच्या तंतूंसारख्या मिश्र पदार्थांचा असतो. अशा पदार्थाचें धड अखंड नळकांड्यांसारखें बनवितां येतें. परंतु तीं नळकांडीं इतकीं मोठीं असतात कीं सामान्य मालवाहू विमानाच्या पोटांत तीं मावत नाहींत. म्हणून बोइंगनें जुन्या ७४७ जातीचीं चार विमानें घेऊन त्यांचें पोट फुगविलें आणि शेपटाकडील भाग कपाटाच्या दारासारखा बाजूस उघडेल असा केला. नागोयाहून पंख आणि इटलीहून धड अमेरिकेस पोहोंचविण्याचें काम हीं विमानें करतात. छांदिष्टाची पहिली नोंद बहुधा येथेंच होते. असें मालवाहू विमान नागोयाहून निघालें, म्हणजे पुढच्या कोणत्या तरी विमानाचे पंख रस्त्याला लागले, हें तो जाणतो.

ह्या यादींत आपलेंही एक गांव आहे. उतारू ज्या तक्तपोशीवर पाय ठेवतात, तिच्या खालीं आडव्या तुळया असतात. ७८७-९ ह्या लांब प्रकारच्या विमानासाठीं अशा हलक्या आणि मजबूत तुळया नागपूर येथील मिहान वसाहतींत तयार झाल्या आहेत. तो कारखाना उभारणारी टाटांच्या घराण्यांतील 'टाल' ही कंपनी मूळची चिंचवडची, म्हणजे देहूच्या शेजारचीच. पुढें तिचें हें विमानी काम टाटांच्याच दुसऱ्या कंपनीकडे गेलें. आपल्या डोक्यावरून असें विमान जातांना त्याच्या पोटांतील तुळई वऱ्हाड-नागपूरच्या उन्हांत निघालेल्या गाडीवर चढून, समुद्र ओलांडून परत आपल्याच आकाशांत आलेली असण्याचा संभव असतो. घरांतील मुलास विमानाच्या जन्माची गोष्ट सांगतांना हा धागा अवश्य सांगावा; कारण त्यावरून परदेशी यंत्र हें सर्वस्वीं परकें नसतें, हें त्याला उमजेल.

सर्व भाग एकत्र आल्यावर जुळणीस आरंभ होतो. ७८७ ची शेवटची जुळणी आधीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळील एव्हरेट येथें होत असे. नंतर पूर्व किनाऱ्याकडील चार्ल्सटन येथें दुसरी रांग सुरू झाली, आणि २०२१ पासून सगळी जुळणी चार्ल्सटनलाच होते. विमान शाळेच्या बाहेर पडलें कीं छांदिष्टाचें खरें काम सुरू होतें. येथें 'शाळा' म्हणजे जुळणीची शेड. कारखान्यांतील तो शब्द मला आवडला म्हणून नव्हे, तर विमान तेथून उत्तीर्ण होऊनच बाहेर पडतें म्हणून मीं तो वापरला. बाहेर आलेल्या विमानाचें अंग पुष्कळदां रंगाशिवाय असतें, परंतु शेपटाचें सुकाणूं मात्र आधींच रंगविलेलें दिसतें. ह्याचें कारण गमतीचें आहे. रंगालाही वजन असतें, आणि हलणाऱ्या सुकाणूचा तोल त्या रंगासह साधावा लागतो. म्हणून तें आधीं रंगवून मगच जागेवर बसवितात. त्यामुळें विमान कोणत्या कंपनीसाठीं आहे, हें शेपूट पाहून प्रथम कळतें. पंखांखालीं इंजिनें नसतील तर त्यांच्या जागीं वजनें लटकविलेलीं असतात. नाहीं तर यंत्राचा तोल जावयाचा. अशा वजनांवरून इंजिनें यावयाचीं राहिलीं आहेत, हेंही ध्यानांत येतें.

यानंतर पायऱ्या ठरलेल्या असतात. टाक्यांत इंधन भरून गळती तपासणें. इंजिनें चालू करून पाहणें. धावपट्टीवर आधीं सावकाश आणि मग वेगानें धांवून ब्रेक लावून पाहणें. मग कारखान्याचे वैमानिक पहिलें उड्डाण करतात. दोष आढळल्यास दुसरें उड्डाण होतें. पुढचें उड्डाण गिऱ्हाइकाच्या प्रतिनिधींना बरोबर घेऊन होतें. नवी मोटार घेण्यापूर्वीं आपण ती चालवून पाहतों तसेंच हें. एवढें झालें तरी विमान अद्याप कारखान्याचेंच असतें. कागदांवर सह्या होऊन उरलेली रक्कम पोहोंचली, नव्या देशाच्या नोंदणीचीं अक्षरें कायदेशीरपणें लागू झालीं, म्हणजे ताबा पुरा झाला. फ्रान्समधील तुलूझ येथें जुळणी होणाऱ्या विमानांवर तोंपर्यंत फ्रान्सचीं तात्पुरतीं अक्षरें असतात. तीं पुसून त्या जागीं 'व्हीटी' दिसूं लागलें, कीं विमान आतां निघणार, हें कुंपणापाशीं उभ्या असलेल्या माणसास कळून चुकतें.

आतां कोणी विचारील, कीं एवढ्या बारकाव्यांनीं मिळविलें काय? दोन उदाहरणें देतों.

चार्ल्सटनच्या नव्या रांगेंतून बाहेर पडलेलें पहिलें ७८७ हें एअर इंडियासाठींच बांधलेलें होतें. तें २७ एप्रिल २०१२ रोजीं शेडबाहेर आलें, २३ मे रोजीं प्रथम उडालें आणि ५ ऑक्टोबर रोजीं त्याचा ताबा दिला गेला. एकूण जुळणींत त्याचा अनुक्रमांक ४६ होता. ह्याच कंपनीचें आणखी एक विमान एव्हरेटला तयार झालें. त्याचा अनुक्रमांक २६, आणि अक्षरें व्हीटी-एएनबी. साध्या हिशेबानें सव्वीसावें विमान शेहेचाळीसाव्याच्या आधीं मिळावयास पाहिजे. प्रत्यक्षांत तें मिळालें जानेवारी २०१४ मध्यें, म्हणजे सव्वा वर्ष मागाहून! ज्यानें केवळ ताब्याच्या तारखा टिपल्या, त्याला हें विमान धाकटें वाटेल. ज्यानें केवळ क्रमांक टिपले, त्याला तें थोरलें वाटेल. दोन्ही रकाने ज्याच्या वहींत आहेत, त्यालाच कळेल कीं मध्यें कांहीं घडलें आहे. तें असें, कीं ह्या जातीच्या सुरुवातीच्या विमानांची जुळणी चालू असतांनाच आराखड्यांत दुरुस्त्या होत होत्या. जीं आधीं जुळलीं, त्यांच्यांतच मागाहून अधिक फेरबदल करावे लागले, आणि मागून आलेलीं पुढें निघून गेलीं. नवा मार्ग पहिल्यानें चोखाळणाऱ्यास नेहमींच ही किंमत द्यावी लागते.

दुसरें उदाहरण एअरबस ए-३५० जातीचें. एअर इंडियाचें ह्या जातीचें पहिलें विमान २३ डिसेंबर २०२३ रोजीं दिल्लीस उतरलें, आणि २२ जानेवारी २०२४ रोजीं बंगळूरहून मुंबईस उतारू घेऊन त्याच्या नियमित फेऱ्यांस आरंभ झाला. वर्तमानपत्रांनीं त्याच्या नव्या लाल-जांभळ्या रंगाचें कौतुक केलें, तें योग्यच होतें. परंतु निर्माणक्रमांकांचा माग ठेवणाऱ्यांस ठाऊक होतें, कीं एअर इंडियाकडे आलेलीं ह्या जातीचीं पहिलीं सहा विमानें मुळांत रशियाच्या एअरोफ्लोत कंपनीसाठीं बांधलेलीं होतीं. २०२२ सालीं युक्रेनवर रशियानें चढाई केली, युरोपनें विमानांची विक्री बंद केली, आणि तयार झालेलीं विमानें धन्याविना उभीं राहिलीं. तीं पुढें आपल्याकडे आलीं. बंगळूर-मुंबईच्या त्या सकाळच्या फेरींत बसलेल्या उतारूच्या आसनामागें एका युद्धाचा इतिहास दडलेला होता. कारखान्याच्या कुंपणापाशीं लिहिलेली क्रमांकांची ओळ जगाच्या राजकारणापर्यंत कशी पोहोंचते, हें ह्यावरून दिसेल.

ही झाली कारखान्याकडील बाजू. देहूसारख्या गांवीं बसून ह्यांत भाग कसा घेतां येईल? त्यासाठीं दुर्बिणीखेरीज आणखी एक साधन आतां उपलब्ध झालें आहे, आणि नभोवाणीच्या श्रोत्यांस तें समजण्यास अवघड नाहीं. आजचीं मोठीं विमानें आपली जागा, उंची, वेग आणि ओळख १०९० मेगाहर्ट्‌झ ह्या लहरींवर आपण होऊन सतत प्रक्षेपित करीत असतात. जागेची बातमी साधारणतः दर सेकंदास दोन वेळां. हे संदेश गुप्त लिपींत नसतात. दुसऱ्या विमानांनीं ते ऐकावे व टक्कर टाळावी, हा त्यांतील एक हेतु आहे. प्रत्येक संदेशांत विमानाचा एक चोवीस अंशांचा पत्ता असतो. असे पत्ते एकंदर १,६७,७७,२१६ होऊं शकतात, आणि ते देशोदेशीं वांटून दिलेले आहेत; हे पत्ते लिहिण्याच्या प्रचलित पद्धतींत भारताच्या वाट्याचे पत्ते आठाच्या अंकानें सुरू होतात. ह्या लहरीची लांबी सुमारें साडेसत्तावीस सेंटिमीटर; म्हणून तिच्या चौथाईएवढी, म्हणजे सात सेंटिमीटरांच्या आंतबाहेरची एखादी तार तिला पकडण्यास पुरते.

परंतु ह्या लहरी सरळ रेषेंत जातात. डोंगर आणि पृथ्वीची वक्रता त्यांना अडविते. विमानाची उंची मीटरांत घेऊन तिचें वर्गमूळ काढावें व त्याला ४.१२ नीं गुणावें, म्हणजे किती किलोमीटरपर्यंत तें सपाट प्रदेशांतून ऐकूं येईल याचा अदमास मिळतो. ११,००० मीटर उंचीवरील विमान ह्या हिशेबानें सुमारें ४३० किलोमीटरांवरून ऐकूं येतें. तेंच ३,००० मीटरांवर उतरलें कीं हें अंतर सुमारें २२५ होतें. देहूच्या परिसरांतील भंडाऱ्याच्या डोंगरावर आणि खालीं नदीकांठच्या घरांत एकच यंत्र ठेवून पाहिलें, तर डोंगराचें माहात्म्य तात्काळ प्रत्ययास येईल. एखाद्या मुलाला वर्गमुळाचा उपयोग काय, असा प्रश्न पडत असेल, तर त्याच्या पाठ्यपुस्तकापेक्षां हें उदाहरण अधिक परिणामकारक होईल.

येथें एक इशारा दिल्यावांचून पुढें जाणें उचित नव्हे. लोहगांव हा हवाई दलाचा तळ आहे, आणि देहूरोड ही लष्करी छावणी आहे. अशा ठिकाणीं छायाचित्रें घेण्यास मनाई असते, आणि ती मनाई सकारण आहे. २००१ सालीं ग्रीसमध्यें हवाई दलाच्या तळावर विमानें पाहण्यास गेलेल्या बारा इंग्रज आणि दोन डच छांदिष्टांस हेरगिरीच्या आरोपावरून पकडलें. त्यांना शिक्षाही सांगण्यांत आल्या, आणि अपिलांत ते २००२ च्या अखेरीस निर्दोष सुटले. हे लोक निरपराध होते. तरी एक वर्ष त्यांच्या घरांवर काय प्रसंग गुदरला असेल, तें कल्पनेनेंच जाणावें. आपला हेतु शुद्ध असणें पुरेसें नसतें, तो दुसऱ्यासही शुद्ध दिसावा लागतो. उतारू विमानें पहावीं, लष्करी विमानांकडे कॅमेरा वळवूं नये, आणि तळाच्या भिंतीपाशीं घुटमळूं नये.

आतां शेवटच्या आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतों. मघाशीं कांहीं विमानांचीं अक्षरें सांगितलीं. त्यांपैकीं दोन विमानांच्या दुःखद अंताविषयीं येथें सांगतों.

१ जानेवारी १९७८ च्या रात्रीं 'एम्परर अशोक' मुंबईहून दुबईस निघालें आणि उड्डाणानंतर थोड्याच वेळांत वांद्र्यानजीकच्या समुद्रांत कोसळलें. आंतील २१३ माणसांपैकीं एकही वांचला नाहीं. घातपाताचा संशय लगेच बोलला जाऊं लागला. परंतु चौकशींत निष्पन्न झालें तें निराळें. काळोखांत, समुद्रावर, क्षितिज दिसत नसतांना विमानाचा कल दाखविणारें मुख्य वैमानिकापुढील यंत्र बिघडलें. वैमानिकानें त्यावर विश्वास ठेवला आणि विमान वळतां वळतां खालीं गेलें.

दुसरें विमान म्हणजे व्हीटी-एएनबी, तेंच सव्वीसावें. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेहून लंडनकडे निघतांना तें तळाबाहेरच कोसळलें. आंतील २४२ जणांपैकीं केवळ एक उतारू वांचला. जमिनीवरील १९ माणसें दगावलीं. एकूण २६० जीव गेले. त्या दिवशीं ज्याच्या वहींत त्या विमानाची जन्मकथा होती, त्याच्या मनांत काय आलें असेल? रांगेंतला आरंभींचा क्रमांक, ताबा मिळण्यास लागलेला विलंब, मागाहून केलेले फेरबदल: कारण हातीं लागलें, असें वाटण्यास एवढें साहित्य पुष्कळ झालें. परंतु तेंच विमान ताबा मिळाल्यापासून अकरा वर्षांहून अधिक काळ उतारूंची ने-आण करीत होतें. जुळणीच्या क्रमांकांतून अपघाताचें कारण निघत नाहीं. तें शोधण्याचें काम अवशेष, नोंदयंत्रें आणि साक्षी तपासणाऱ्या अन्वेषकांचें. त्यांचा पहिला, प्राथमिक अहवाल त्याच वर्षीं १२ जुलै रोजीं प्रसिद्ध झाला. ज्या घरांतील माणूस गेलें, त्या घराच्या दारांत आपल्या तर्काचें निशाण नाचविणें हें ज्ञानाचें लक्षण नव्हे. मृतांच्या आप्तांस, आणि मृत वैमानिकांच्या आप्तांसही, अफवेनें जी जखम होते ती अहवाल आल्यानंतरही लवकर भरून येत नाहीं.

म्हणून ह्या छंदांतील जुनीं, मुरलेलीं माणसें वहींत तीन रकाने पाडतात. पहिल्यांत आपण स्वतः पाहिलें तें. दुसऱ्यांत दुसऱ्यानें सांगितलेलें, त्याच्या नांवासह. तिसऱ्यांत आपला तर्क. तिसऱ्या रकान्यांतील वाक्य पहिल्या रकान्यांत कधीं चढवावयाचें नाहीं, हा त्यांचा नियम. हा नियम पाळल्यामुळेंच त्यांच्या नोंदींस किंमत येते. विमान कोणत्या दिवशीं शेडबाहेर आलें, कोणत्या दिवशीं इंजिनाशिवाय उभें होतें, कोणत्या दिवशीं कोणाच्या रंगांत दिसलें, ह्या गोष्टी कारखानदार सांगोत वा न सांगोत, कुंपणाबाहेरील एका निःस्वार्थी माणसानें त्या पाहून लिहिलेल्या असतात. लाखों माणसें ज्या यंत्रांत निर्धास्त झोंपतात, त्या यंत्राला असा एक बाहेरचा साक्षीदार असणें समाजास हितकारक आहे. मात्र तो साक्षीदारच रहावा. न्यायाधीश होऊं नये.

देहूची दुसरी कथा वह्यांचीच आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनीं त्या कोरड्या वर आल्या, असें परंपरा सांगते. आपल्या वह्यांस अशा चमत्काराचा आधार नाहीं. त्या टिकावयाच्या असतील, तर त्यांत लिहिलेलें खरें असल्यामुळेंच टिकतील.

तेव्हां घरांत ज्या मुलाला आकाशाकडे पाहण्याचा नाद आहे, त्याला रागावूं नका. त्याला एक साधी वही द्या. तारीख, वेळ, दिशा, दिसलेलीं अक्षरें, आणि मग ते तीन रकाने. पुढच्या खेपेस त्यानें बोट दाखवून "हें कोठून आलें?" असें विचारलें, तर दुबईचें नांव सांगून विषय संपवूं नका. त्याच्यासह शोध घ्या. कदाचित् उत्तर तुलूझ असेल, कदाचित् चार्ल्सटन. आणि पोटांतील एखादी तुळई कदाचित् नागपूरची.